विद्या परिषदेला खुलं पत्र: जतनाचं शिक्षण तीन आठवड्यांत उरकत नाही

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातल्या बैठकीत, बऱ्याच विषयांच्या गर्दीत, आपण एक ठराव मंजूर केलात. ‘वारसा जतन’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुढच्या वर्षापासून बंद. त्याच्या जागी पर्यटन व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना ‘वारसा आणि संस्कृती’ हा एक ऐच्छिक विषय, आणि ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी तीन आठवड्यांचं प्रमाणपत्र. प्रयोगशाळेची खोली सत्र संपताच ‘मोकळी करून द्यावी’. विभागातल्या लोकांना हे सूचनाफलकावर वाचून कळलं. त्या फलकावर आमचंच एक जुनं भित्तिपत्रक होतं, ‘कागदाला टाचणी टोचू नका, गंज चढतो’ असं सांगणारं. आपली सूचना नेमकी त्याच्यावरच टाचणीने टोचली होती.

मी या विभागाची माजी विद्यार्थिनी. जुने कागद आणि हस्तलिखितं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे आणि आठवड्यातून दोन दिवस तासिका तत्त्वावर मी इथेच शिकवते. म्हणजे या प्रकरणात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते. पण पत्र त्या मानधनासाठी नाही. ठरावाच्या टिपणात एक वाक्य आहे, ते वाचल्यापासून स्वस्थ बसवत नाही: ‘सदर विषय मूलतः कौशल्याधारित असून त्याचे विद्यापीठीय स्वरूप मर्यादित आहे.’

पहिल्या सत्रातली गोष्ट सांगते. आमच्या बाईंनी प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक कागद ठेवला. फाटका, पाण्याचे डाग पडलेला, कसरीने चाळण केलेला. आम्हाला वाटलं, आता ब्रश आणि खळ मिळणार. बाई म्हणाल्या, “आठवडाभर याला काहीही करायचं नाही. बघायचं आणि लिहायचं.” आम्ही चिडलो. मग बघायला लागलो. दिवा बाजूने तिरका धरला की समोरून न दिसणाऱ्या सुरकुत्या दिसतात. शाई काळी नसून तपकिरी झाली आहे, आणि जिथे ती दाट आहे तिथेच कागद तुटला आहे, म्हणजे शाईतल्या लोहाने आणि आम्लाने तो खाल्ला आहे. एका कोपऱ्यात कुणीतरी मायेने चिकटपट्टी लावली होती. तिचं प्लास्टिक कधीच गळून पडलं होतं, पण डिंक कागदात मुरून मधासारखा पट्टा उमटला होता. आठव्या दिवशी मी सात उपाय लिहून नेले. बाईंनी त्यातले पाच खोडले. म्हणाल्या, “हे तू तुझ्या समाधानासाठी करते आहेस, कागदाला याची गरज नाही.”

काय करायचं नाही हे ठरवता येणं, आणि ते का करायचं नाही हे लिहून देता येणं, हाच आमचा विषय. खळ लावायला मी कुणालाही एका दुपारी शिकवीन.

आता मुद्द्यांकडे येते.

पहिला मुद्दा त्या ‘मर्यादित विद्यापीठीय स्वरूपा’चा. जतनाचं शास्त्र कारागिराच्या ओसरीवर जन्मलं नाही, तसं ते ग्रंथालयातही जन्मलं नाही. बर्लिनच्या राजेशाही संग्रहालयांनी १८८८ मध्ये फ्रीडरिश राटगेन या रसायनशास्त्रज्ञाला नेमलं, कारण उत्खननातून आणलेल्या वस्तू कपाटात ठेवल्या-ठेवल्या भुगा होत होत्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमने बॉम्बच्या भीतीने आपल्या वस्तू लंडनच्या भुयारांत हलवल्या. बॉम्बपासून त्या वाचल्या, पण दमट हवेने त्यांना गाठलं. लोखंड गंजलं, कांस्यावर चट्टे आले, दगडांतून क्षार फुटून वर आले. त्या धक्क्यातून १९२० मध्ये रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर स्कॉट यांच्या हाताखाली तिथली प्रयोगशाळा उभी राहिली. रोममध्ये १९३९ साली जीर्णोद्धाराची केंद्रीय संस्था आणि तिच्यासोबत शाळा स्थापन झाली. तिचे पहिले संचालक सेझारे ब्रांदी कलेचे तत्त्वज्ञ होते, आणि त्यांच्या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ आणि हाताने काम करणारे एकाच छताखाली बसत.

ब्रांदींच्या शाळेतली एक पद्धत मी दर वर्षी शिकवते. भित्तिचित्राचा तुकडा गळून पडला आहे. मोकळी जागा भरायची की नाही? भरली तर बघणाऱ्याची फसवणूक, तशीच सोडली तर डोळा चित्रावर न जाता त्या भोकावरच जातो. त्यांनी उत्तर काढलं ते बारीक उभ्या रेघांचं. लांबून पाहिलं की रेघा मिसळून रंग एकसंध वाटतो, जवळ गेलं की रेघा सुट्या दिसतात आणि हा भाग नंतरचा आहे हे कळतं. या रेघा मारणं कौशल्य आहे, मान्य. पण त्या का मारायच्या, हा प्रश्न सत्याचा आहे, आणि असे प्रश्न विद्यापीठात विचारायचे नाहीत तर कुठे विचारायचे?

या प्रश्नावर दीडशेहून अधिक वर्षं भांडण चालू आहे. फ्रेंच वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक म्हणत, इमारत अशी पूर्ण करा की जशी ती पूर्वी कधी नसेलही. इंग्रज कलासमीक्षक रस्किन म्हणत, हा तर चक्क विध्वंस आहे, डागडुजी वेळच्या वेळी करा म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही. १९०३ मध्ये ऑस्ट्रियन कला-इतिहासकार आलोइस रीगल यांनी दाखवून दिलं की एकाच वास्तूची मूल्यं आपसात भांडतात: तिचं म्हातारपण जपायचं तर झीज होऊ द्यावी लागते, इतिहास जपायचा तर झीज थांबवावी लागते. स्मारकांच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने अस्सल सामग्रीवर भर दिला. मग १९९४ मध्ये जपानातल्या नारा इथे जमलेल्या तज्ज्ञांना मान्य करावं लागलं की अस्सलपणाचं माप सगळीकडे एक नसतं. त्याच देशात इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधलं जातं. तिथे लाकूड नवं असतं आणि बांधण्याची विद्या पुरातन. मग जपायचं काय, लाकूड की विद्या? मला आजही याचं एकच उत्तर देता येत नाही, आणि तीन आठवड्यांच्या प्रमाणपत्रात ते कोणी कसं देणार हे मला समजत नाही.

याच मुद्द्याची दुसरी बाजू चुकांची. आमचा निम्मा अभ्यासक्रम पूर्वजांच्या चुकांचा आहे. स्पेनमधल्या बोर्खा गावी २०१२ मध्ये एका वृद्ध भाविक बाईंनी चर्चमधला येशूचा पोपडे उडालेला चेहरा स्वतः रंगवला आणि जगभर त्या चित्राचं माकड झालं. ‘करायला गेले गणपती आणि झाला मारुती’ ही म्हण आपल्याकडे तयारच आहे. पण त्या बाईंना हसणं सोपं आहे. निकोलाओस बालानोस यांना हसून दाखवा. ते अभियंता होते, जाणते होते, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांनी अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, पडलेले दगड उभे केले. प्राचीन कारागीर दगड जोडणाऱ्या लोखंडी पकडींवर शिसं ओतत, म्हणजे लोखंडाला पाणी लागत नसे. बालानोस यांच्या पकडींना ते कवच नव्हतं. लोखंड गंजलं, फुगलं, आणि आतून संगमरवर फोडत सुटलं. १९७५ मध्ये त्यासाठी समिती नेमावी लागली आणि ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. अजिंठ्यात १९२० ते १९२२ या काळात इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचं वार्निश दिलं. तेव्हा रंग खुलले, मग वार्निश पिवळं-काळं पडलं आणि ते उतरवता उतरवता पुढच्यांच्या नाकी नऊ आले. माझ्या स्वतःच्या क्षेत्रात १९३० च्या दशकापासून दस्तऐवजांवर सेल्युलोज अॅसिटेटचा पातळ पडदा गरम करून दाबून बसवण्याची लाट आली. अनेक अभिलेखागारांनी ती भरवशाने स्वीकारली. आज तेच पडदे द्रावकात भिजवून सोडवण्यात माझे आठवडेच्या आठवडे जातात.

यातला एकही माणूस आळशी किंवा दुष्ट नव्हता. उलटवता येईल तेवढंच करा, केलेलं सगळं लिहून ठेवा, पन्नास वर्षांनी हे साहित्य कसं वागेल ते आधी तपासा, हे नियम त्यांच्या ठेचांमधून आले. आमचा विभाग बंद करता तेव्हा या ठेचांची आठवण बंद होते. पुढची पिढी त्याच दगडाला अडखळेल, आणि दगड या वेळी कदाचित शिल्प असेल.

दुसरा मुद्दा: ‘प्रवेश कमी, दरडोई खर्च जास्त.’ प्रवेश कमी आहेत, हे खरं आहे. पण रसायनशास्त्राच्या शिक्षकाची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे आणि अभ्यासक्रमाची जाहिरात ज्या विद्याशाखेच्या माहितीपुस्तिकेत यायला हवी ती नेमकी कोणती, हेच अजून ठरलेलं नाही. विज्ञानवाले आम्हाला कलाशाखेत ढकलतात, कलाशाखावाले विज्ञानात. या त्रिशंकू अवस्थेत विद्यार्थी आम्हाला शोधून काढतात याचंच मला कौतुक वाटतं. आणि दरडोई खर्चाबद्दल बोलायचं तर एका मूळ दस्तऐवजाभोवती चाळीस विद्यार्थी बसवता येत नाहीत. शस्त्रक्रिया शिकवताना हा हिशोब कोणी मांडत नाही.

तिसरा मुद्दा नोकऱ्यांचा. टिपणात पदवीनंतर एका वर्षाच्या आत मिळालेल्या नोकऱ्यांचा तक्ता आहे. या मोजपट्टीबद्दल एक उदाहरण देते. वासा हे स्वीडिश युद्धनौकेचं नाव. १६२८ मध्ये पहिल्याच प्रवासाला निघाली आणि स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाली. १९६१ मध्ये ती वर काढली. पाण्याने तट्ट भरलेलं लाकूड तसंच वाळू दिलं असतं तर आक्रसून तडकलं असतं, म्हणून त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थाचं द्रावण फवारलं. किती काळ? सतरा वर्षं. त्यानंतर कित्येक वर्षं सावकाश वाळवणं. जहाज वाचलं, सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि २००० च्या सुमारास लाकडावर आम्लाचे डाग दिसू लागले. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक शतकानुशतकं लाकडात मुरलं होतं आणि गंजलेल्या खिळ्या-बोल्टांतल्या लोहाच्या संगतीने त्याचं आता सल्फ्यूरिक आम्ल होत होतं. फवारणी सुरू करणारे तोवर निवृत्त झाले होते. प्रश्न ओळखला तो पुढच्या पिढीतल्या शिकलेल्यांनी, कारण ती पिढी तयार करायचं काम कोणीतरी थांबवलं नव्हतं. ज्या विषयात एक फवारणी सतरा वर्षं चालते त्याचं यश एका वर्षाच्या तक्त्यात मावत नाही.

तज्ज्ञ हवे तेव्हा बाहेरून बोलावता येतील, असंही कुणी बैठकीत म्हणाल्याचं ऐकलं. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचं पाणी फ्लोरेन्समध्ये शिरलं. राष्ट्रीय ग्रंथालय नदीच्या काठावरच, तळघरं पुस्तकांनी भरलेली. जगभरातून तरुण धावून आले, हातोहात साखळी करून त्यांनी चिखलातली पुस्तकं वर काढली. लोक कौतुकाने त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात. पण पुस्तक वर आल्यावर पुढे काय, हे जाणणारे हात मोजकेच होते, आणि पुस्तकजतनाचं आजचं बरंचसं शास्त्र त्यानंतरच्या वर्षांत त्या चिखलाशी झगडताना घडलं. पूर येतो त्या दिवशी अभ्यासक्रम सुरू करता येत नाही.

चौथा मुद्दा: ‘सर्व साहित्याचे डिजिटायझेशन प्रस्तावित असल्याने…’ हे वाक्य तर अर्धवटच सोडलं आहे, जणू पुढचं सगळ्यांना पटलेलंच आहे. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसचं नोत्र दाम हे जुनं चर्च जळलं तेव्हा अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने आधीच केलेलं लेझर स्कॅन हाती होतं, आणि त्याचा उपयोग झाला यात शंका नाही. पण छपराच्या लाकडी सांगाड्याची मोजमापं दोन वास्तुविशारदांनी २०१४ च्या सुमारास आढ्यावर चढून घेतलेली होती, आणि नव्या तुळया कुऱ्हाडीने तासणारे सुतार हयात होते, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये दारं पुन्हा उघडली. स्कॅनमध्ये कागदाचं चित्र येतं. त्याची वीण, शाईची रासायनिक घडण, जलचिन्ह, खाडाखोडीखालचा शब्द, यातलं फार थोडं येतं. शिवाय डिजिटल फाइललाही जपावं लागतं, आणि ते काम कागद जपण्याइतकंच चिकाटीचं आहे. आमच्या दुसऱ्या वर्षात तो विषय होता. तोही बंद झाला.

पाचवा मुद्दा, आणि याबद्दल मी थोडक्यात पण स्पष्ट लिहिते. हा विषय पर्यटनाच्या पोटात घालणं चुकीचं आहे. पर्यटनाशी माझं वैर नाही. पण फ्रान्समधली लास्कोची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. हजारो वर्षं टिकलेल्या चित्रांवर माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांनी हिरवं शेवाळ चढलं, आणि १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. लोक आजही प्रतिकृती पाहतात. ‘आता दार लावा’ हे म्हणणारा माणूस तिकीट विकणाऱ्या विभागात घडत नाही, तिथे त्याला तसं म्हणताही येत नाही.

आणि शेवटची तक्रार घरची आहे. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाच्याच ग्रंथालयातल्या जुन्या नोंदवह्या एका बाहेरच्या कंत्राटदाराकडून ‘संरक्षित’ करून घेतल्या गेल्या. पानं प्लास्टिकमध्ये कायमची बंद झाली, कडा नीट दिसाव्यात म्हणून कापल्या गेल्या. त्या कडांवर लेखनिकांच्या हातच्या टिपा होत्या. आमचा विभाग त्याच आवारात, चालत चार मिनिटांवर. कोणी विचारलं नाही. याही वेळी कोणी विचारलं नाही.

मागण्या मोजक्या आहेत. ठरावाला स्थगिती द्यावी आणि विभागातले शिक्षक, विद्यार्थी व बाहेर काम करणारे जतनकार यांचं म्हणणं ऐकून परिषदेने पुन्हा चर्चा करावी, त्या चर्चेचं इतिवृत्त जाहीर करावं. तोवर पुढच्या वर्षीचे प्रवेश चालू ठेवावेत. रसायनशास्त्राची रिकामी जागा भरावी आणि विभाग कोणत्या विद्याशाखेत आहे ते एकदाचं लेखी सांगावं. तीन आठवड्यांचा वर्ग घ्यायचाच असेल तर जरूर घ्यावा, ग्रंथपालांना आणि संग्रह सांभाळणाऱ्यांना त्याचा फायदाच होईल, मी विनामूल्य शिकवीन. मात्र त्यातून बाहेर पडणाऱ्याला ‘जतनकार’ म्हणणारं प्रमाणपत्र देऊ नये. विद्यापीठाच्या संग्रहातल्या कुठल्याही मूळ वस्तूवर प्रशिक्षित व्यक्तीच्या लेखी अहवालाशिवाय कसलीही प्रक्रिया होऊ नये. आणि प्रयोगशाळा तूर्त हलवू नये.

हे शेवटचं का, ते सांगते. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीशी एक स्टीलचं कपाट आहे. विभागाच्या पहिल्या तुकडीने त्यात कागदाच्या पट्ट्या ठेवल्या: कुठल्या खळीने जोडलेल्या, कुठल्या डिंकाने, कुठल्यांवर चिकटपट्टी, कुठल्यांवर अॅसिटेटचा पडदा. दर मार्चमध्ये प्रत्येक गठ्ठ्यातली एक पट्टी काढून तिचा रंग, आम्लता आणि किती घड्या सोसते हे मोजायचं आणि वहीत लिहायचं. वहीत अठ्ठावीस तुकड्यांची अक्षरं आहेत, माझंही आहे, आणि एकही वर्ष चुकलेलं नाही. खोली मोकळी करायला जे येतील त्यांना ते भंगार वाटेल. तिसरा खण उघडला की व्हिनेगरचा वास येतो. काहीतरी नासलं आहे असं समजून तो खण रिकामा करू नये, तो वास विघटन होणाऱ्या अॅसिटेटचा आहे, आणि तोच त्या प्रयोगाचा निकाल आहे.

पुढची नोंद येत्या मार्चमध्ये आहे. तेव्हा चावी कोणाकडे मागायची, एवढं तरी कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
विभागाची एक माजी विद्यार्थिनी